नासणारे दूध आणि उरणारी निवळी : दुग्ध सांडपाण्यावरील विद्युत उपचारांचा आढावा

एक लिटर दूध हजार लिटर स्वच्छ पाण्यात सांडले, की त्या पाण्याची बीओडी लिटरमागे साधारण 100 मिलिग्रॅमवर जाते. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण नियमांत दुग्ध उद्योगाच्या सांडपाण्याला घातलेली मर्यादाही 100 मिलिग्रॅमचीच आहे. सांडपाणी ज्या जलाशयात उतरते तो पिण्याच्या पाण्याचा स्रोत असेल, तर ही मर्यादा 30 पर्यंत खाली आणता येते. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत पावशेराहून थोडे जास्त दूध पडले, की हद्द गाठली.

येडगावला हा 30 चा आकडा लागू होण्यासारखा आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ कुकडी नदीवर येडगावचे धरण आहे. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या चार धरणांसह ते कुकडी प्रकल्पात मोडते. डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने इथे येते आणि येडगावातून निघणारा कुकडीचा डावा कालवा शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. आवर्तन सुटले की शेताबरोबर गावोगावच्या पिण्याच्या योजनाही त्याच पाण्यावर भरतात. या जलाशयाच्या अवतीभोवती ऊस, टोमॅटो, द्राक्षे आहेत आणि जवळपास प्रत्येक गोठ्यात संकरित गाई आहेत. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन, लागते, दूध बल्क कूलरमध्ये जाते, तिथून टँकरने पुढे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात, मंचरला पराग मिल्क फूड्सचा मोठा कारखाना आहे. 1992 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी चीज आणि निवळीपासूनची प्रथिनेही बनवते. एका टोकाला किटल्या आणि टाक्या धुणारे छोटे शीतकरण केंद्र, दुसऱ्या टोकाला चीजचा कारखाना. दुधाच्या सांडपाण्याचा प्रश्न या दोन टोकांच्या मध्ये पसरलेला आहे आणि दोन्हीकडे त्याचे रूप वेगळे आहे.

या पाण्यावर विजेने उपचार करावेत का, यावर गेली वीस-पंचवीस वर्षे जगभर आणि भारतात बरेच संशोधन झाले. त्यात उत्साह आहे, शंका आहे आणि काही घोळही आहेत. हा वाद आज कुठवर आला आहे ते इथे पाहायचे आहे.

पाण्यात असते काय

डेअरीचे सांडपाणी म्हणजे पातळ केलेले दूध, त्यात धुण्याची रसायने. यंत्रे न उघडता आतून धुण्याच्या पद्धतीत, जिला सगळेच सीआयपी म्हणतात, आधी कॉस्टिक सोडा फिरतो, मग नायट्रिक आम्ल. त्यामुळे एका तासाला पाणी अल्कधर्मी असते आणि पुढच्या तासाला आम्लधर्मी. प्रवाहही सारखा नसतो. दूध दोन वेळा येते, धुणे त्यानंतर होते, आणि दूध जास्त येणाऱ्या पुष्ट काळात सगळेच वाढते. म्हणून कोणत्याही प्रक्रियेआधी समतोलाची टाकी लागते. ती लहान पडली की पुढचे काहीच नीट चालत नाही. हजार लिटर दुधामागे तीन हजार लिटरहून अधिक सांडपाणी होऊ नये, असेही नियम सांगतात.

पुढची सगळी चर्चा ज्यावर उभी आहे तो हिशेब असा. गाईच्या एक लिटर दुधात साधारण 35 ग्रॅम स्निग्धांश, 32 ग्रॅम प्रथिने आणि 48 ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, असते. यांच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू, म्हणजे सीओडी, मोजली तर स्निग्धांशाकडून सुमारे 100 ग्रॅम, प्रथिनांकडून 45 ते 50 आणि लॅक्टोजकडून 54 ग्रॅम येतात. म्हणजे साय न काढलेल्या दुधातल्या प्रदूषणाचा चौथा हिस्सा साखरेचा. साय काढलेल्या दुधात हा वाटा निम्म्यावर जातो. पनीर किंवा चीज केल्यावर उरणाऱ्या निवळीत तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक. स्निग्धांश आणि प्रथिने पाण्यात तरंगत्या कणांच्या रूपात असतात, साखर मात्र विरघळलेली असते. विजेच्या पद्धतींचे यशापयश बहुतांशी या एका फरकातून निघते, असे मला सगळे संशोधन वाचताना जाणवत राहिले.

जिवाणूंची जुनी वाट

1974 चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आला तेव्हा डेअऱ्यांसमोर तयार उत्तर होते. हवा खेळवून जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून घाण खाववायची. सक्रिय गाळाची ही पद्धत 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. पुढे 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये लेटिंगा यांच्या गटाने हवेविना चालणारी, खालून वर वाहणारी यूएएसबी टाकी विकसित केली. तीत जिवाणू घाणीचा मिथेन करतात. एक किलो सीओडी पचली की 0.35 घनमीटर मिथेन मिळतो.

येडगावच्या परिसरातल्या हजार लिटर दुधाचे तीन हजार लिटर सांडपाणी झाले आणि त्याची सीओडी लिटरमागे 2,500 मिलिग्रॅम धरली, तर एकूण साडेसात किलो सीओडी होते. त्यातली 80 टक्के पचली तर 2.1 घनमीटर मिथेन मिळतो. तापमूल्याने तो दीड किलोहून जास्त एलपीजीएवढा भरतो. बॉयलर चालवणाऱ्या डेअरीला ही रक्कम फुकट घालवण्यासारखी नाही.

या वाटेत अडचणीही आहेत. दुधातल्या चरबीची लांब साखळीची आम्ले मिथेनकारी जिवाणूंना जाचतात, गाळाचे दाणे चिकट होऊन वर तरंगतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. 20 अंशांखाली हे जिवाणू मंदावतात, आणि जुन्नरच्या हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच थंड असतात. जिवाणूंना रोज, सारखे, ठरलेल्या वेळी खायला लागते. दिवसातून दोनदा दोन तास पाणी सोडणाऱ्या छोट्या केंद्राकडे ना तेवढे पाणी, ना टाकी सांभाळणारा माणूस. विजेचा विचार मुख्यतः या फटीतून आत आला.

दूध नासवणारी वीज

पाण्यातले बारीक कण एकत्र येऊन साका धरण्याला मराठी परिभाषेत किलाटन म्हणतात. किलाट हा संस्कृत शब्द नासलेल्या, घट्ट झालेल्या दुधाचा. दुधाच्या सांडपाण्याला याहून नेमका शब्द सापडणार नाही. घरी पनीर करताना दुधात लिंबू पिळतो तेव्हा केसिनच्या कणांवरचा ऋण भार नाहीसा होतो, कण एकमेकांना दूर लोटायचे थांबतात आणि चोथा व निवळी वेगळी होतात. विद्युत-किलाटनात लिंबाच्या जागी धातू असतो. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पाट्या सांडपाण्यात उभ्या करायच्या आणि त्यांतून एकदिश प्रवाह सोडायचा. धन पाटी झिजते, तिचे धन भारित आयन पाण्यात उतरतात, केसिनचा आणि स्निग्ध कणांचा भार मोडतात. त्यांचे हायड्रॉक्साइड तयार होऊन त्याच्या मऊ पुंजक्यांत कण अडकतात. ऋण पाटीवर हायड्रोजनचे अतिशय बारीक बुडबुडे निघतात आणि ते चरबीला वर उचलतात. एकाच टाकीत तुरटी घालणे, ढवळणे आणि तरंगवणे ही तिन्ही कामे होतात.

ही कल्पना जुनी आहे. फॅरेडेचे नियम 1830 च्या दशकातले. 1889 मध्ये लंडनला शहराच्या मैल्यावर विजेने प्रक्रिया करण्याचे प्रयोग झाले. 1906 मध्ये डायट्रिक यांनी आणि 1909 मध्ये अमेरिकेत हॅरिस यांनी या पद्धतींची पेटंटे घेतली. तरीही पुढची सहा-सात दशके ती मागे पडली, कारण वीज महाग होती आणि तुरटी स्वस्त. स्वस्त रेक्टिफायर आले, पाण्याचे नियम कडक झाले आणि 1990 नंतर ती पुन्हा प्रयोगशाळांत परतली. तमिळनाडूत कराईकुडीला केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहेच. दुग्ध सांडपाण्यावरचे भारतातले नावाजलेले काम मात्र रुरकीच्या आयआयटीत झाले.

फॅरेडेच्या नियमाने पाटी किती झिजेल ते काढता येते. एक अँपिअर-तासाला 1.04 ग्रॅम लोखंड किंवा 0.335 ग्रॅम ॲल्युमिनियम उतरते. घनमीटरमागे 100 ग्रॅम लोखंड लागत असेल तर 96 अँपिअर-तास, आणि सहा व्होल्टने ते चालले तर 0.6 युनिटहूनही कमी वीज. मात्रा पाचपट धरली तरी तीन युनिटांच्या आत. 9 रुपये युनिट धरून हजार लिटर दुधामागे, म्हणजे तीन घनमीटर सांडपाण्यामागे, हा खर्च 16 ते 80 रुपयांत बसतो, म्हणजे दुधाच्या लिटरमागे दीड ते आठ पैसे. त्यावर झिजलेल्या लोखंडाची किंमत पडते. दुधाच्या दरातल्या रुपया-दोन रुपयांवरून आंदोलने होणाऱ्या भागात हा हिशेब लिटरमागेच मांडायला हवा.

एकच पद्धत, निकाल मात्र दूरदूरचे

संशोधनाच्या निबंधांत शिरलो की पहिला गोंधळ टक्क्यांचा होतो. तुर्कस्तानच्या शेंगिल आणि ओझाजार यांनी 2006 मध्ये लोखंडी पाट्या वापरून 98 टक्के सीओडी आणि 99 टक्के तेल-चरबी काढल्याचे प्रसिद्ध केले. लागलेला प्रवाह चौरस मीटरला फक्त 6 अँपिअर, आणि वेळ एक मिनिट. कॅमेरूनच्या चामांगो आणि सहकाऱ्यांना 2010 मध्ये ॲल्युमिनियमच्या पाट्यांनी 61 टक्केच सीओडी काढता आली, पण फॉस्फरस 89 टक्के, नायट्रोजन 81 टक्के आणि गढूळपणा जवळजवळ सगळा गेला. त्याच वर्षी रुरकीच्या कुशवाहा, श्रीवास्तव आणि मल यांनी लोखंडी पाट्यांनी सुमारे 70 टक्के सीओडी काढली, पण त्यासाठी चौरस मीटरला 270 अँपिअर आणि 50 मिनिटे लागली. प्रवाहात पंचेचाळीस पट फरक, वेळेत पन्नास पट.

यातला कोणीतरी चुकला असे समजण्याआधी त्या पाण्यात काय होते ते पाहायला हवे. तुर्की नमुन्यात लिटरमागे 18,300 मिलिग्रॅम सीओडी होती आणि 4,570 मिलिग्रॅम तेल-चरबी. चरबीच्या प्रत्येक ग्रॅममागे पावणेतीन-तीन ग्रॅम सीओडी धरली तर त्या पाण्यातले दोनतृतीयांशाहून अधिक प्रदूषण एकट्या चरबीचे होते, आणि चरबी सहज सुटते. कॅमेरूनचे पाणी दुधाची भुकटी कालवून केलेले होते आणि रुरकीचेही कृत्रिमच होते. अशा पाण्यात साखर तिच्या नैसर्गिक प्रमाणात असते, आणि ती निवळीतच राहते. 61 किंवा 70 टक्क्यांवर थांबणारे निकाल मला म्हणून अपयशाचे वाटत नाहीत. नासण्याजोगे सगळे नासले आणि साखर मागे राहिली, एवढेच ते सांगतात. 98 टक्के मात्र एका विशिष्ट, चरबीने जड झालेल्या पाण्याचे आहेत. ते कुठल्याही डेअरीच्या माहितीपत्रकात जसेच्या तसे छापणे योग्य होणार नाही. त्या निबंधातला सीओडीच्या किलोमागे 0.003 युनिट विजेचा आकडाही बाकीच्या निकालांपासून इतका लांब आहे, की त्यावर कोणी खर्चाचा अंदाज बांधू नये.

पाटी कोणती, हाही वाद आहे. लोखंड स्वस्त, पण पाण्याला हिरवट आणि मग तांबूस छटा देते. ॲल्युमिनियमने पाणी स्वच्छ दिसते, फॉस्फेट चांगले उतरते, पण पाटी महाग आणि ऋण पाटीवरच्या अल्कधर्मी पाण्यात ती हिशेबापेक्षा जास्त झिजते. दोन्हींवर दुधाचा आणि क्षारांचा थर बसतो. मग व्होल्टेज वाढते, वीज वाढते. यावरचा उपाय म्हणजे ठरावीक वेळाने धन-ऋण उलटवणे आणि अधूनमधून आम्लाने धुणे. तुरटीशी तुलना केली तर विजेची जमेची बाजू स्पष्ट आहे. तुरटीचे सल्फेट पाण्यात उतरत नाहीत, सामू घसरत नाही, क्षारता कमी राहते. शिवाय सोड्याच्या धुवणामुळे या पाण्यातून वीज सहज वाहते, वेगळे मीठ घालावे लागत नाही.

जाळणारी वीज

साखर नासत नसेल तर ती विजेनेच जाळावी, हा पुढचा विचार. विद्युत-ऑक्सिडीकरणात पाटी झिजत नाही. टायटॅनियमवर रुथेनियम, इरिडियम यांच्या ऑक्साइडचा थर किंवा बोरॉनमिश्रित हिऱ्याचा थर असलेली धन पाटी सेंद्रिय पदार्थांचे थेट ऑक्सिडीकरण करते. प्रयोगशाळेत लॅक्टोजसुद्धा असे कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेता येते. विद्युत-फेंटन पद्धतीत कार्बनच्या ऋण पाटीवर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि लोहाच्या संगतीने तेच काम करते. त्यासाठी पाणी तीन सामूपर्यंत आम्लधर्मी करावे लागते.

इथे अडथळा रसायनशास्त्राचा नाही, अंकगणिताचा आहे. एक किलो सीओडी जाळायला किमान 3,350 अँपिअर-तास लागतात. यात कोणतेही यंत्र सुधारणा करू शकत नाही, कारण इलेक्ट्रॉन मोजूनच द्यावे लागतात. पाच व्होल्टने पावणेसतरा युनिट. मघाच्या साडेसात किलोंना, म्हणजे हजार लिटर दुधाच्या सांडपाण्याला, सव्वाशे युनिट. एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असे धरले तरी दुधाच्या लिटरमागे 1 रुपया 13 पैसे फक्त विजेचे. पाणी स्वच्छ होत आले की प्रवाहाचा मोठा भाग नुसते पाणी फोडण्यात जातो, म्हणून प्रत्यक्षात आकडा वाढतोच. हेच काम हवा खेळवून केले तर किलोमागे साधारण एक युनिट पुरते, आणि हवेविना केले तर उलट इंधन मिळते.

त्यामुळे सगळे सांडपाणी विजेने जाळण्याचा आग्रह आता फारसा कोणी धरत नाही. चर्चा शेवटच्या टप्प्याची आहे. जिवाणूंच्या टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरमागे 80-100 मिलिग्रॅम सीओडी उरली असेल आणि ते पाणी कूलिंग टॉवरला परत वापरायचे असेल, तर थोडी वीज परवडते. एक खबरदारी मात्र लागते. पाण्यात मिठाचे क्लोराइड असेल, आणि चीज-लोण्याच्या कारखान्यात ते असतेच, तर धन पाटीवर क्लोरीन तयार होते. ते निर्जंतुक करते खरे, पण उरलेल्या सेंद्रिय पदार्थांशी जुळून क्लोरीनयुक्त संयुगे बनवते, आणि हिऱ्याच्या पाटीवर क्लोरेट, परक्लोरेटपर्यंत मजल जाते. सीओडीच्या चाचणीत हे दिसत नाही. पिण्याच्या जलाशयाशेजारी ते मोजल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे ठरेल.

वीज देणारे जिवाणू

काही संशोधकांनी प्रश्नच उलटा केला. सांडपाण्याला वीज देण्याऐवजी त्याच्याकडून घ्यावी. जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडच्या पॉटर यांनी 1911 मध्ये दाखवले होते. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत वेंकट मोहन यांच्या गटाने दुग्ध सांडपाण्यावर असे जैव इंधन घट चालवले. घाण 95 टक्क्यांच्या आसपास कमी झाली. वीज मिळाली ती घनमीटरला सुमारे 1.1 वॅट. चोवीस तासांत त्यातून 0.03 युनिटही होत नाही. उपचाराची पद्धत म्हणून हे काम मोलाचे आहे, विजेचा स्रोत म्हणून अजून नाही, आणि बहुतेक घट बादलीहून मोठे झालेले नाहीत.

विद्युत-अपोहन, म्हणजे इलेक्ट्रोडायलिसिस, ही मात्र कारखान्यात रुळलेली पद्धत आहे. निवळीतले क्षार विजेने काढून बालआहारासाठी भुकटी करायला ती जगभर वापरली जाते. तिथे निवळी सांडपाणी राहतच नाही, ती माल होते. चीजचा मोठा कारखाना ते करू शकतो. दिवसाला दोनशे लिटर निवळी काढणाऱ्या पनीरच्या छोट्या भट्टीला ते शक्य नाही. तिची निवळी गुरांना पाजली जाते किंवा ओढ्याला जाते.

आज कोण कुठे उभे आहे

विद्युत पद्धतींचे समर्थक छोट्या केंद्रांकडे बोट दाखवतात. बटण दाबले की सुरू, बंद केले तरी काही मरत नाही. पुष्ट काळात पाणी दुप्पट झाले तर प्रवाह वाढवायचा. सौर पटलांतून एकदिश प्रवाहच मिळतो, तो सरळ पाट्यांना जोडता येतो. या म्हणण्यात दम आहे. जिवाणूंची टाकी दोन दिवस उपाशी राहिली की बिघडते आणि सावरायला आठवडे घेते, हे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या कोणत्याही चालकाला विचारावे.

जैविक पद्धतींचे अभ्यासक म्हणतात की दुग्ध सांडपाणी हे जिवाणूंचे सर्वांत आवडते अन्न आहे. ते विषारी नाही, रंगाचे नाही, औषधी कारखान्याच्या पाण्यासारखे हट्टी नाही. अशा पाण्यावर धातू खर्च करणे म्हणजे भाकरीला कात्री लावणे. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. किलाटनात सर्वांत आधी चरबी निघते, आणि ऊर्जा चरबीतच असते. एक किलो चरबीतून सुमारे एक घनमीटर मिथेन मिळू शकतो. ती लोखंडाच्या गाळात कोंडली की इंधन गेले आणि गाळ वाढला.

दोन्ही पद्धतींच्या जुळणीच्या बाजूने असणारे यावर उत्तर देतात की चरबी हेच तर यूएएसबीचे दुखणे आहे. आधी विजेने ती काढा, मग साखरेचे पाणी जिवाणूंना द्या, दोघेही आपापले काम नीट करतील. मला ही मांडणी सर्वांत पटणारी वाटते, कारण ती दुधाच्या घटकांना धरून आहे. पण तीत दोन यंत्रणा सांभाळाव्या लागतात, आणि ज्या केंद्राला एक जड जाते त्याला दोन कशा पेलतील, हा आक्षेप खोडता येत नाही.

आणखी एक गट आहे, त्याचा आवाज निबंधांत कमी आणि कारखान्यात जास्त ऐकू येतो. आधी दूध सांडू नका, असे तो सांगतो. धुण्याआधी नळीतले दूध हवेने ढकलून परत घ्या, पहिल्या विसळणीचे पाणी वेगळे ठेवून जनावरांना द्या, टँकरच्या तोंडाशी ठिबकणारा व्हॉल्व्ह बदला. हजार लिटरमागे दहा लिटर दूध वाया जायचे ते पाच झाले, तर कुठलीही पाटी न झिजवता निम्मे प्रदूषण जाते. याच्याशी कोणाचाच वाद नाही. म्हणूनच कदाचित त्यावर निबंध कमी निघतात.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ गाळाची. जैविक गाळ शेतात जातो. विद्युत-किलाटनाच्या गाळात चरबी आणि प्रथिनांबरोबर धातूचे हायड्रॉक्साइड असते. 2016 च्या धोकादायक कचरा नियमांच्या यादीत सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ येतो. लोखंडाचा, दुधाचा हा गाळ त्यात धरायचा की खतात, यावर छोट्या केंद्राचा सगळा हिशेब फिरतो. रुरकीच्या गटाने तो वाळवून जाळण्याचा मार्ग तपासला होता. लोखंडाचा गाळ शेतात चालेल, ॲल्युमिनियमचा नको, असा सर्वसाधारण कल आहे. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी दोन-तीन हंगाम प्लॉटवर पाहिल्याशिवाय हा प्रश्न कागदावर सुटणार नाही.

दुसरी गाठ फॉस्फरसची, आणि येडगावच्या दृष्टीने मी तिला सर्वांत वजन देतो. विद्युत-किलाटन ज्या कामात निर्विवाद सरस ठरते ते फॉस्फरस काढण्याचे. एक लिटर दुधात जवळपास एक ग्रॅम फॉस्फरस असतो, धुण्याच्या काही रसायनांतूनही तो येतो. साठलेल्या पाण्यात लिटरमागे काही शतांश मिलिग्रॅम फॉस्फरस शेवाळ माजायला पुरतो. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमेवर खाली उजनीचे धरण आहे. त्याचे हिरवे पाणी सगळा महाराष्ट्र पाहतो. त्यात शहरांच्या मैल्याचा आणि शेतातल्या खतांचा वाटा फार मोठा आहे, डेअरीचा त्यामानाने थोडा. तरीही दुग्ध उद्योगाच्या मानकांत सामू, बीओडी, तरंगते घन, तेल-चरबी आणि पाण्याचे प्रमाण एवढेच आहे. फॉस्फरसचा रकानाच नाही. ज्याचे मोजमाप नाही ते काढल्याचे श्रेयही मिळत नाही. तो रकाना उघडला तर विजेच्या बाजूचे पारडे एका दिवसात जड होईल.

तिसरी गाठ याच परिसराची आहे. येडगावपासून जवळच, खोडदला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या विश्वातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. मानवी रेडिओ गोंगाट कमी असणे हे जागा निवडण्याचे एक कारण होते, आणि म्हणून परिसरात उद्योग उभारताना ना-हरकतीची पद्धत आहे. पाट्यांतला एकदिश प्रवाह आवाज करत नाही. पण तो तयार करणारे आधुनिक, हलके, सेकंदाला हजारो वेळा उघड-मीट करणारे रेक्टिफायर रेडिओ गोंगाट करतात. चांगले फिल्टर आणि धातूचे आवरण घालून तो दाबता येतो, जुन्या धाटणीचा जड ट्रान्सफॉर्मर वापरला तर कमीच होतो. खर्च थोडा वाढतो. जगातल्या इतर डेअऱ्यांच्या हिशेबात ही ओळ नसते, जुन्नरच्या हिशेबात ती लिहावी लागेल.

शेवटची गाठ साखरेची. विजेने नासवलेल्या पाण्यात लॅक्टोज उरते, म्हणून 100 चीही मर्यादा गाठली जात नाही, 30 ची तर नाहीच. पण शीतकरण केंद्रांसाठी नियमांत वेगळी वाट ठेवली आहे. जमीनच दुय्यम उपचाराची यंत्रणा म्हणून आखली, सांभाळली आणि तिच्यावर लक्ष ठेवले, तर 350 मिलिग्रॅम बीओडीपर्यंतचे पाणी जमिनीला देता येते. चरबी निघून गेलेली असल्याने मातीची छिद्रे बुजत नाहीत, आंबूस वास येत नाही, आणि साखर मातीतले जिवाणू दोन दिवसांत संपवतात. ते पाणी संकरित नेपिअर गवताला द्यावे आणि ते गवत त्याच गाईंना घालावे, इतके हे जवळचे आहे. अडते ते सोडियमवर. धुण्याच्या कॉस्टिक सोड्यातले सोडियम कोणत्याही किलाटनात निघत नाही, विजेच्या नाही आणि तुरटीच्याही नाही. काळ्या जमिनीत ते साठत गेले की जमीन चोपण होते, पाणी वर तुंबते आणि मुळे गुदमरतात. सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने धुतले तर तेच पाणी पिकाला पोटॅश देईल, पण ते सोड्याहून महाग आहे. हा जादा खर्च लिटरमागे किती पैसे पडतो आणि तो दूध संघाने सोसायचा की दूध घालणाऱ्याने, यावर विजेच्या पाट्या लावायच्या की नाही हे छोट्या केंद्रापुरते ठरेल.